शीतनिद्रेतली वटवाघळं आणि पांढऱ्या नाकाची बुरशी: न उठवता पाहणी, न पसरवता परत

हिवाळ्याच्या तोंडावर गुहेत शिरणाऱ्या वटवाघळाकडे वसंतापर्यंत पुरवायची एकच शिदोरी असते, ती म्हणजे अंगावरची चरबी. बाहेर किडे नाहीत, त्यामुळे मधे भर घालायची सोय नाही. म्हणून ते अंगाचं तापमान गुहेच्या हवेइतकं उतरवतं, हृदयाचे ठोके अगदी मंद करतं आणि झोपतं. साधारण दोन आठवड्यांनी ते आपणहून थोडा वेळ जागं होतं. महागात पडतं ते हेच जागं होणं. उत्तर अमेरिकेतल्या ‘लिटल ब्राउन बॅट’ या छोट्या जातीवर झालेल्या मोजमापानुसार, एका जागरणात जेवढी चरबी जळते तेवढ्यात जवळपास दोन महिन्यांची झोप निघाली असती.

हा हिशेब डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. बुरशी वटवाघळाला मारते ती याच वाटेने, आणि पाहणी करायला गेलेला माणूसही नकळत त्याच वाटेने नुकसान करतो. मी स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा गणनेला गेलो तेव्हा मला वाटलं होतं की खरं काम गुहेत असतं. प्रत्यक्षात आत आम्ही पाऊण तास होतो. आधीची तयारी आणि नंतरची धुलाई यांत मात्र दोन दिवस गेले.

बुरशीचा स्वभाव

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी शहराजवळच्या एका गुहेत नाकावर पांढरी पूड बसलेल्या वटवाघळांचे फोटो निघाले. पुढच्या हिवाळ्यात त्याच भागातल्या गुहांमध्ये वटवाघळं मरून पडलेली सापडली. रोगाला ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ हे नाव पडलं. २००९ मध्ये बुरशीचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं की रोगाचं मूळ हीच बुरशी आहे. तिचं आजचं शास्त्रीय नाव स्यूडोजिम्नोअ‍ॅस्कस डिस्ट्रक्टन्स. अभ्यासक नुसतं ‘पी-डी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पी-डीला गारवा लागतो. साधारण १२ ते १६ अंशांत ती जोमाने वाढते आणि २० अंशांच्या आसपास तिची वाढ थांबते. माणसाच्या अंगाची ऊब तिला सोसत नाही, म्हणून हा रोग आपल्याला होत नाही. झोपलेल्या वटवाघळाचं अंग थंड असतं आणि त्याची प्रतिकारशक्तीही जवळजवळ बंद असते. तिला हवं ते सगळं तिथे आयतं मिळतं. ती पंखांच्या पातळ कातडीत घुसते, ती पोखरते आणि शरीरातल्या पाण्याचं आणि क्षारांचं गणित बिघडवते. वटवाघूळ पुन्हापुन्हा जागं होऊ लागतं आणि शिदोरी फेब्रुवारीतच संपते. मग ते भर हिवाळ्यात, भर दिवसा बाहेर पडतं. बाहेर खायला काहीच नसतं.

लिटल ब्राउन, नॉर्दर्न लाँग-इअर्ड आणि ट्रायकलर्ड या तीन जातींची संख्या रोग पोहोचलेल्या भागांत ९० टक्क्यांहून जास्त घटली. लिटल ब्राउनच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे भरपाई लवकर होणं अवघड आहे. युरोप आणि आशियात ही बुरशी जुनी आहे. तिथली वटवाघळं तिच्यासह जगतात, अशा प्रमाणात मरत नाहीत.

बुरशी मुख्यतः वटवाघळांच्या परस्पर स्पर्शाने पसरते, हे खरं. पण तिचे बीजाणू गुहेच्या मातीत वटवाघळं नसतानाही वर्षानुवर्षं टिकतात, आणि माती बुटाला चिकटते. २०१६ मध्ये ती एकदम वॉशिंग्टन राज्यात सापडली, तोवरच्या सर्वांत जवळच्या ठिकाणापासून दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब. एवढी लांब उडी दिसली की संशय माणसाच्या सामानाकडे जातो. शिवाय २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की रोग करणाऱ्या बुरशीच्या प्रत्यक्षात दोन जाती आहेत आणि त्यातली एकच अमेरिकेत पोहोचली आहे. म्हणजे जिथे रोग आधीच आलाय तिथेही ‘आता काय धुवायचं राहिलंय’ असं म्हणून चालत नाही.

आत जायलाच हवं का?

ही पहिली पायरी आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. प्रश्न कागदावर लिहा: मला नेमकं काय जाणून घ्यायचंय? या गुहेत बुरशी पोहोचली का, एवढंच हवं असेल तर आत न जाताही बरंच कळतं.

तोंडाशी ध्वनिमुद्रक लावता येतो. तो वटवाघळांच्या माणसाला ऐकू न येणाऱ्या हाका टिपतो. कडाक्याच्या थंडीत रात्रीमागून रात्री हाका वाढत गेल्या तर आत काहीतरी बिनसलंय. स्वयंचलित कॅमेराही चालतो. दिवसाउजेडी उडणारी, तोंडाजवळच्या थंड भिंतीवर येऊन लटकलेली किंवा बर्फावर पडलेली वटवाघळं ही बाहेरूनच दिसणारी लक्षणं आहेत. जवळपासच्या लोकांना ‘हिवाळ्यात वटवाघूळ दिसलं तर हात लावू नका, कळवा’ एवढं सांगून ठेवलं तरी खूप माहिती येते. वॉशिंग्टनमधलं ते पहिलं वटवाघूळही पायवाटेवर फिरणाऱ्यांनाच सापडलं होतं. वसंतात ती झोपेतून उठून पुलांखाली किंवा छपरांत मुक्कामाला येतात, तेव्हा त्यांच्या विष्ठेच्या नमुन्यातही पी-डीचा अंश सापडू शकतो. त्या वेळी शिदोरीचा प्रश्न फारसा नसतो, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

आत जायचंच ठरलं तर परवानगी आधी. अमेरिकेत इंडियाना बॅट आणि नॉर्दर्न लाँग-इअर्ड बॅट या संकटग्रस्त यादीतल्या जाती आहेत. युरोपीय संघात वटवाघळांच्या सगळ्याच जातींना कायद्याचं संरक्षण आहे आणि झोपेत त्यांना त्रास देणंही त्यात येतं. ज्या वन्यजीव खात्याकडून परवाना मिळतो त्यांच्याकडे बहुधा त्या गुहेच्या जुन्या नोंदीही असतात. त्या मागून घ्या, नाहीतर तुमच्या आकड्याला शेजारी काही उरणार नाही.

वेळ निवडताना एक ओढाताण असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला बुरशी नीट दिसत नाही, आणि शेवटी वटवाघळांकडे चरबी उरलेली नसते. रोगाच्या खुणा सर्वांत ठळक जानेवारी ते मार्चमध्ये दिसतात. तेव्हा जायचं असेल तर त्या हिवाळ्यात एकदाच. नुसती गणना दरवर्षी करायची गरज नसते. इंडियाना बॅटची गणना अनेक ठिकाणी वर्षाआड होते आणि त्यातून कल व्यवस्थित कळतो.

निघण्याआधी

ज्या भागात रोग आहे तिथे वापरलेलं सामान रोग नसलेल्या भागात न्यायचं नाही, कितीही धुतलेलं असलं तरी. त्या भागासाठी वेगळे बूट, वेगळा अंगभर झगा, वेगळा दोर. एकाच दिवशी दोन गुहा शक्यतो करू नका. कराव्याच लागल्या तर निरोगी गुहा आधी, संशयित नंतर, आणि मधे पूर्ण सफाई.

सामान कमीत कमी न्या. पाण्यात बुडवता येत नाही अशी प्रत्येक वस्तू नंतर डोकेदुखी ठरते. कॅमेरा आणि फोन आत जाण्याआधीच पारदर्शक प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि भिंगापुरती जागा ठेवून चिकटपट्टीने आवळा. जाळीदार फेसाचं अस्तर असलेलं हेल्मेट टाळा. कापडी शिवणींचे बूट टाळा, गुळगुळीत रबरी गमबूट सर्वांत सोयीचे. गाडीच्या डिकीत दोन मोठे झाकणबंद डबे ठेवा, एकावर ‘स्वच्छ’ आणि दुसऱ्यावर ‘मळका’ असं मोठ्या अक्षरांत लिहून.

माणसंही कमीच, तीन किंवा चार. एकट्याने गुहेत जायचं नाही, आणि बाहेर कुणालातरी परतीची वेळ माहीत हवी. वटवाघूळ हाताळणाऱ्याने रेबीजची आगाऊ लस घेतलेली हवी. वटवाघळांना माणसाकडून विषाणू लागू नयेत म्हणून जवळ जाताना मास्क लावा, आणि कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने त्या दिवशी घरी राहायचं.

आत

बोलणं बंद, खुणांनी काम. दिव्याचा झोत छतावर रोखून ठेवायचा नाही. मंद प्रकाशात शोधायचं, सापडल्यावर क्षणभर उजेड टाकायचा आणि लगेच वळवायचा. घोळक्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, कारण अंगाची आणि श्वासाची ऊब थेट वर जाते. ठेंगण्या बोगद्यात तर पुढचा माणूस थांबला की मागच्यांनी अलीकडेच थांबायचं.

मोजणी आत करायचा हट्ट नको. एकटीदुकटी लटकलेली जागेवर मोजता येतात, पण दाट घोळक्याचे दोन-तीन स्पष्ट फोटो काढून पुढे जावं आणि घरी पडद्यावर फोटोवर चौकटी आखून नाकं मोजावीत. पंख एकमेकांत मिसळतात, कान लपतात, पण प्रत्येकाचं नाक एकच असतं. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजायचं. आकड्यांत मोठा फरक आला तर पुन्हा मोजायचं. प्रत्येक घोळक्याची जागा, जात, अंदाजे उंची आणि तिथलं तापमान वहीत टिपा. गुहेत कायमचा तापमान-आर्द्रता नोंदक ठेवायचा असेल तर तो उन्हाळ्यात, वटवाघळं नसताना बसवा आणि पुढच्या उन्हाळ्यात काढा.

आता पांढऱ्या नाकाबद्दल. पहिल्या खेपेला मला एका कोनाड्यात एक ट्रायकलर्ड दिसलं, अंगभर चांदीसारखं पांढरं. माझ्या पोटात गोळा आला. सोबतच्या अनुभवी बाईंनी दिवा किंचित बाजूला सरकवला, आणि ती चांदी लुकलुकली. दव होतं ते! दमट गुहेत झोपलेल्या वटवाघळाच्या केसांवर बारीक थेंब जमतात आणि समोरून झोत मारला की पिठासारखे दिसतात. तिरक्या उजेडात थेंब चमकतात, बुरशी मात्र निस्तेज, कापसासारखीच राहते. ती नाकपुड्यांभोवती, कानांवर आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या उघड्या कातडीवर बघा.

उलटंही होतं. जागं झालेलं वटवाघूळ स्वतःला चाटूनपुसून घेतं आणि दिसणारी बुरशी तेवढ्यात नाहीशी होते, म्हणून नाक स्वच्छ म्हणजे गुहा निरोगी असं नाही. मेलेल्या जनावरावर तर कसलीही बुरशी उगवते. ट्रायकोफायटॉन रेडेली नावाची आणखी एक बुरशी जिवंत वटवाघळांवर हुबेहूब अशीच दिसते. त्यामुळे वहीत ‘रोग आहे’ असं लिहायचं नाही. ‘नाकावर पांढरी वाढ, इतक्या वटवाघळांवर’ एवढंच लिहायचं आणि निदान प्रयोगशाळेवर सोडायचं.

दिवा आणि स्वॅब

हे दोन्ही परवाना आणि प्रशिक्षण असलेल्यांसाठीच, म्हणून थोडक्यात. सुमारे ३६५ ते ३८५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बुरशीने पोखरलेली पंखाची कातडी नारिंगी-पिवळ्या ठिपक्यांनी उजळते. ही खूण उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या पांढरेपणापेक्षा भरवशाची आहे, आणि वटवाघळाला न मारता ती बघता येते. दिवा काही सेकंदच धरायचा, त्याच्या डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही, आणि स्वतः संरक्षक चष्मा लावायचा. फोटोत रंगाचा तोल आपोआप बदलू नये म्हणून कॅमेऱ्याचं ते सेटिंग आधीच पक्कं करून ठेवा.

स्वॅबची काडी निर्जंतुक पाण्यात किंचित ओली करतात आणि पंखाच्या पुढच्या हाडावरून आणि नाकावरून पाच-पाच वेळा हलकेच फिरवतात. प्रत्येक वटवाघळाला नवी काडी, आणि हात लागला असेल तर नवे हातमोजेही. काडी प्रयोगशाळेने दिलेल्या कुपीत टाकायची आणि कुपीवर क्रमांक तिथल्या तिथे घालायचा. ‘बाहेर गेल्यावर लिहू’ म्हटलं की दोन कुप्या अदलाबदल झाल्याच म्हणून समजा. डीएनए चाचणीत पी-डी सापडली तर बुरशी पोहोचली एवढं कळतं. रोग जडला का, हे कातडीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतून ठरतं.

मेलेलं वटवाघूळ सापडलं तर उघड्या हाताने उचलू नका. पिशवी हातात उलटी घालून उचला, सुलटी करा, बांधा आणि दुसऱ्या पिशवीत घाला. तारीख, जागा, सापडलं तेव्हाची स्थिती आणि कुणाला सापडलं ते चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून दोन पिशव्यांच्या मधे ठेवा. थंड डब्यात घालून खात्याला लगेच कळवा. दिवसभरात पोहोचवता येणार नसेल तर गोठवून ठेवा. कुणाला चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ते वटवाघूळ रेबीजच्या तपासणीसाठी लागेल, त्याचं डोकं ठेचलं जाता कामा नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वटवाघळांवर किंवा गुहेत काहीही फवारू नका. लस, उपकारक जीवाणू, गुहा थंड ठेवणं असे प्रयोग चालू आहेत, पण ते संशोधकांच्या देखरेखीखाली. गुहेत आणखी शेकडो जीव राहतात, आणि बुरशीनाशक त्यांच्यात भेद करत नाही.

बाहेर आल्यावर

तोंडाशीच, गाडीकडे जाण्याआधी, कडक ब्रशने बूट, गुडघे आणि दोराच्या कड्या घासा. चिखल तिथेच पडला पाहिजे. चिखलाच्या थराखाली कुठलंच जंतुनाशक पोहोचत नाही, म्हणून आधी घासणं आणि मग मारणं. हा क्रम उलटा केला तर दोन्ही वाया. झगा उलटा करत काढा आणि बुटांसकट मळक्या डब्यात टाका. हात पुसा, घरचे कपडे घाला आणि मगच गाडीच्या दाराला हात लावा.

बुडवता येणाऱ्या सामानाला सर्वांत चांगला उपाय म्हणजे गरम पाणी, किमान ५५ अंश, किमान २० मिनिटं. वाचायला सोपं वाटतं. माझ्या पहिल्या खेपेला मी बादलीत ६० अंशांचं पाणी घेतलं, थंडगार बूट आत टाकले आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी थर्मामीटर ४७ दाखवत होता. रबर ऊब पिऊन टाकतं आणि उघडी बादली उरलीसुरली घालवते. तेव्हापासून मी जाड भिंतींचा, झाकणाचा थंडपेयांचा डबा वापरतो (तो ऊबही तितकीच धरतो), थर्मामीटर सामानाच्या मधोमध ठेवतो आणि पाणी पुन्हा ५५ वर आल्यावरच वेळ मोजायला लागतो. बूट तरंगतात, त्यांच्यात हवा अडकते, तो भाग कोरडाच राहतो. बूट आडवे करून हवा काढा आणि वर वजन ठेवा. हात घालताना भाजण्याइतकं हे पाणी गरम असतं, चिमटा वापरा.

दोर आणि हार्नेस यांना गरम पाणी सहसा चालतं, पण उत्पादकाची सूचना वाचा, जीव त्यावर टांगलेला असतो. ब्लीच त्यांच्या जवळ नेऊ नका, धागे आतून कमकुवत होतात आणि वरून कळत नाही. सुकवणं सावलीत.

जे बुडवता येत नाही ते ६० टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलने किंवा त्यात भिजवलेल्या तयार पुसण्यांनी पुसा आणि आपोआप सुकू द्या. लगेच कोरड्या फडक्याने पुसलं तर औषधाला वेळच मिळत नाही. कॅमेऱ्यावरची पिशवी बाहेरून पुसून मगच फाडा. मी तेव्हा कॅमेरा चकचकीत पुसला होता आणि गळ्यातला कापडी पट्टा तसाच ठेवला होता, आठवडाभर. असले पट्टे, हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी, घड्याळाचा बेल्ट, पाण्याच्या बाटलीचं बूच आणि गाडीतली पायपुसणी यांची यादी डिकीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. ओल्या वहीच्या पानांचे फोटो काढून घ्या आणि पेन्सिल फेकून द्या.

धुवणाचं पाणी ओढ्यात किंवा गुहेजवळ ओतू नका, सांडपाण्याच्या नळीत घाला. झगा वेगळा, गरम पाण्यात धुवायचा. अंघोळ त्याच दिवशी, केसांवरून.

गुहेचं तोंड आणि नोंदी

ज्या गुहा पर्यटकांसाठी खुल्या असतात तिथे बाहेर पडताना साबणाच्या द्रावणाने भिजवलेल्या गालिच्यावरून चालवतात. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये ही पद्धत आहे. ज्या गुहा बंदच ठेवायच्या तिथे जाळीचं फाटक बसवतात. आडव्या पट्ट्यांमधलं अंतर साधारण १४६ मिलिमीटर ठेवलं की वटवाघूळ उडत जातं आणि माणूस अडतो. पट्ट्या हवेचा प्रवाह अडवणार नाहीत हे बघायचं. भरीव दार लावून गुहेचं तापमान बदललं तर वटवाघळं ती सोडून जातात आणि बुरशीचा प्रश्नच उरत नाही, वटवाघळंही उरत नाहीत.

आकडे खात्याला आणि देशातल्या गणना-प्रकल्पाला द्या. उत्तर अमेरिकेत त्यासाठी ‘नॅबॅट’ आहे, १० बाय १० किलोमीटरच्या चौकटींत. ‘एकही सापडलं नाही’ ही नोंदही तितक्याच काळजीने द्या, तिच्यामुळेच पुढच्या वर्षीचा आकडा वाचता येतो. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर जागेचा तपशील आणि फाइलमधलं स्थानांकन काढून टाका, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे पंचवीस जोडी बूट हजर असतात.

सामान सुकलं की पिशवीत भरा आणि बाहेर कागदी चिठ्ठी बांधा: कुठली गुहा, कुठली तारीख, कशाने धुतलं, कुणी धुतलं. चिठ्ठी नसलेली पिशवी सापडली तर ती मळकी समजायची आणि पुन्हा ५५ अंशांत.